'साजूक तूप २ वाट्या' च्या जागी काय? आईच्या पुस्तकातून व्हीगन स्वयंपाक

आमच्याकडे कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आहे. ते पहिल्यांदा आलं १९७० ला, आमची प्रत आईची, तिच्या लग्नानंतर घेतलेली, बाइंडिंग केव्हाच निघालंय आणि दिवाळीच्या फराळाची पानं इतकी तुपकट झालीत की एका पानावरून मागच्या पानाची अक्षरं दिसतात. दोन वर्षांपूर्वी लेक बंगळुरूहून आली आणि जेवायला बसताना शांतपणे म्हणाली, आई मी आता व्हीगन झालेय, दूध दही तूप काहीच नाही, मध पण नाही. मी विचारलं मग खाणार काय, ती म्हणाली तू जे करतेस तेच, फक्त त्याच्याशिवाय. बोलायला सोपं आहे.

आधी मी नेटवर शोधलं. तिथे सगळं केल नावाची परदेशी पालेभाजी आणि चिया आणि कसलंसं चारशे रुपयांचं चीज. दोन आठवडे ते केलं, पोरगी कंटाळली आणि मी तिच्याहून जास्त. मग एका दुपारी आईचं पुस्तक आणि एक पेन्सिल घेऊन बसले, पहिल्या पानापासून. तेव्हापासून जे काही जमलंय, फसलंय ते सगळं इथे सांगते. तुमच्याकडे हे पुस्तक नसेल तरी चालेल, आईची वही असेल, मासिकाची कात्रणं असतील, पद्धत तीच.

पहिलं काम, पेन्सिलीच्या खुणा. पेन नको, कारण मत बदलतं. दूध-तूप लागतच नाही, किंवा फक्त 'वरून तूप घ्यावे' एवढंच आहे, तिथे टिक. आहे पण बदलता येईल असं वाटतं तिथे गोल. आणि जिथे दूध म्हणजेच पदार्थ आहे तिथे फुली. हे करताना मला जे दिसलं त्याने मी उडालेच, भरली वांगी, पिठलं, झुणका, मटकीची उसळ, वालाचं बिरडं, अळूचं फदफदं, भरली भेंडी, थालीपीठ (लोण्याचा गोळा सोडून), कटाची आमटी, तिळगूळ, सगळ्या चटण्या, टिकाच टिका. आपण उगाच म्हणतो की आपलं सगळं तुपातलं आहे. तूप आपल्याकडे बऱ्याचदा शेवटी येतं, ताटात.

पण खुणा करताना नुसता 'दूध' शब्द शोधू नका, जुन्या पुस्तकात ते वेगवेगळ्या नावांनी लपलेलं असतं. साय, लोणी, विरजण, अदमुरं दही, चक्का, खवा हे तर कळतंच, पण 'मोहन घालून' म्हटलं की ते तेलाचं की तुपाचं ते पुढे वाचावं लागतं, 'पीठ दुधात भिजवावे', 'दुधाचा हबका मारावा', 'तुपावर परतून' असं सगळं ओळींच्या मध्ये बसलेलं असतं. मिठाईवरच्या चांदीच्या वर्खाचं पण बघा, तो पूर्वी जनावरांच्या आतड्याच्या पापुद्र्यांत ठेवून कुटत, मी सरळ काढून टाकलाय, चवीला त्याचा काही उपयोग नव्हताच. मधाच्या जागी काकवी, तिथे विचार करायचीही गरज नाही.

आणि एक गंमत. त्या काळच्या बऱ्याच पाककृतींत 'तूप' म्हणजे 'वनस्पती तूप' असं लिहिलेलं असतं, म्हणजे डालडा, आणि डालडा हे हायड्रोजनची प्रक्रिया करून घट्ट केलेलं वनस्पती तेलच की. म्हणजे चिरोटे-नानकटाई आपल्या आयांनी नकळत व्हीगनच केले होते. आता मी डालडा आणत नाही, त्यातल्या ट्रान्स फॅटमुळे त्याचं नाव खराब झालं ते बरोबरच होतं, २०२२ च्या जानेवारीपासून आपल्याकडे तेला-वनस्पतीत ट्रान्स फॅट २ टक्क्यांच्या वर चालत नाही असा नियम आहे. पण या डालड्यामुळे एक कळलं, चिरोट्याला गाईची गरज नाहीये, घट्ट स्निग्धाची गरज आहे.

मला दोन वर्षांत काही कळलं असेल तर ते हेच. 'तुपाच्या जागी काय' असा प्रश्न विचारायचाच नाही. 'इथे तूप काय काम करतंय' हे विचारायचं. कुठे ते खुसखुशीत करतं, कुठे गोठून लाडू धरून ठेवतं, कुठे नुसता वास देतं. दह्याचंही तसंच, कढीत आंबटपणा आणि दाटपणा, ढोकळ्यात सोड्याला उठवायला आंबट, कोशिंबिरीत नुसता ओलावा. काम कळलं की ते काम करणारं दुसरं काहीतरी बहुतेक वेळा त्याच पुस्तकात, चार पानं पुढे सापडतं. कोकणातल्या पाककृतींत तर हमखास.

सोपं उदाहरण, दह्यातली काकडीची कोशिंबीर. मी पहिल्यांदा सोयाचं दही विकत आणून केली, ठीक होती, म्हणजे खाल्ली. मग लक्षात आलं की अगं खमंग काकडी आहे ना, चोचवलेली काकडी, दाण्याचं कूट, ओलं खोबरं, लिंबू, साखर, वरून हिंग-मिरचीची फोडणी. दही नाहीच त्यात. पर्याय शोधायचाच नव्हता, पान उलटायचं होतं.

मोहनाचं सांगते कारण ते सगळ्यात जास्त वेळा लागतं. करंजीची पारी, शंकरपाळे, चकली, कडबोळी. मोहनाचं काम पिठाला स्निग्ध चोळून ते चिवट होऊ न देणं एवढंच, आणि ते कडकडीत तेल अगदी छान करतं. फक्त पुस्तकात १ वाटी तूप असेल तर मी पाऊण वाटी तेल घेते, कारण तेल जास्त पसरतं आणि पारी तळताना फुटते. पीठ मुठीत दाबून मुटका व्हायला पाहिजे, हात उघडल्यावर तो तसाच राहिला तर मोहन बरोबर. 'दुधात भिजवावे' असेल तिथे पाणी, आणि त्यात चिमूटभर साखर, कारण दुधामुळे येणारा तांबूसपणा नाहीतर येत नाही, शंकरपाळे फिक्के दिसतात.

आता बेसनाचे लाडू. ही माझी सगळ्यात मोठी फजिती. पहिल्या दिवाळीला सरळ शेंगदाणा तेलात बेसन भाजलं, वास फार सुंदर आला, लाडू वळले, डब्यात भरले, आणि संध्याकाळी डबा उघडला तर खाली सगळे बसलेले, एकमेकांना चिकटून एकच मोठी वडी झालेली. चूक कळायला वेळ नाही लागला, तूप गार झालं की गोठतं आणि लाडू धरून ठेवतं, शेंगदाणा तेल गोठतच नाही, मग लाडवाला धरणार कोण. गोठणारं तेल कुठलं तर खोबरेल, थंडीत डोक्याला लावायची बाटली गोठायची आणि आपण त्यात काडी घालून काढायचो ते आठवतंय ना, तेच. साधारण २४-२५ अंशाच्या खाली ते घट्ट होतं. खाण्याचं रिफाइन्ड खोबरेल आणायचं, त्याला नारळाचा वास नसतो.

आता ठरलेलं माप असं आहे, जाडसर बेसन ४ वाट्या, खोबरेल दीड वाटी, काजूची जाडसर पूड अर्धी वाटी, पिठीसाखर २ वाट्या. तेलातलं एक वाटीभर आधी घेऊन बेसन मंद आचेवर भाजायचं, अर्धा तास तरी, हात थांबवायचा नाही, उरलेलं तेल मधेमधे सोडायचं. रंग बदलून वास घरभर झाला की जुन्या पुस्तकात सांगतात तो दुधाचा हबका. इथे मी घाबरत होते, पण हबक्यात काम दुधाचं नाहीच, पाण्याची वाफ होऊन बेसन फसफसतं आणि रवाळ होतं, तर कोमट पाण्याचे २ चमचे शिंपडले की तेच होतं. लगेच हलवायचं. मग गॅस बंद, काजूची पूड, आणि पूर्ण गार झाल्यावरच साखर आणि वेलची-जायफळ. जायफळ जरा हात सैल सोडून घाला, साजूक तुपाचा वास नाहीये ती पोकळी जायफळ बरीचशी भरून काढतं. मिश्रण सैल वाटलं तर तेल कमी करत बसू नका, पातेलं वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा आणि मग वळा. पुण्यात दिवाळीला हे लाडू दगडासारखे टिकतात, मुंबईत मे महिन्यात करणार असाल तर फ्रीजमध्येच ठेवा, तिथे खोबरेल गोठायचं नाव घेत नाही.

हेच गणित साट्याला. चिरोट्याचा, साट्याच्या करंजीचा साटा तुपात तांदळाचं पीठ फेसून करतात, पातळ तेलात तो फेसला जात नाही, ओघळतो. खोबरेल फ्रीजमध्ये ठेवून लोण्यासारखं मऊ-घट्ट झालं की फेसायचं, मग पदर सुटतात. नानकटाईलाही तसंच, आणि पीठ मळून अर्धा तास गार करा नाहीतर ओव्हनमध्ये पसरून पोळी होते.

दह्याकडे येते. विकतचं व्हीगन दही मिळतं, महाग आहे आणि काहीत साखर असते. घरी दाण्याचं दही करता येतं आणि जमलं की मजा येते. १ वाटी शेंगदाणे ८ तास भिजवायचे, सालं चोळून काढायची, ३ वाट्या पाण्यात बारीक वाटून पंचातून गाळायचं. हे दूध मंद आचेवर ढवळत उकळायचं, ५ मिनिटं, खाली फार लागतं हे, मी एक पातेलं जाळून बसलेय. बोट सहन होईल इतकं कोमट झालं की विरजण. आता विरजण दह्याचं तर घालता येत नाही, तर हिरव्या मिरचीचे देठ, टोपीसकट, ८-१० धुवून त्यात सोडायचे आणि उबदार जागी झाकून १०-१२ तास. मला हे सांगितलं तेव्हा मी हसले होते. पण देठांवर आंबवणारे जीव असतातच आणि ते काम करतात. पहिलं दही पातळ आणि थोडं उग्र होतं, ते खायचं नाही, त्यातलं एक चमचा पुढच्या दुधाला विरजण लावायचं, दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला नीट लागतं. कवडी पडेल अशी अपेक्षा ठेवू नका, पाणी सुटतं, ढवळून घ्यायचं. गुलाबी झाक, तार किंवा घाण वास आला तर विचार न करता टाकून द्या. घट्ट हवं असेल तर सोयाबीनच्या दुधाचं लागतं चांगलं, पण त्याचा वास ज्याला चालतो त्यालाच.

या दाण्याच्या दह्याची कढी. २ वाट्या दही, दीड वाटी पाणी, २ लहान चमचे बेसन एकत्र घुसळून घ्यायचं, आलं-मिरचीचं वाटण, २ आमसुलं कारण आंबटपणा कमी पडतो. तेलाची फोडणी जिरं, मेथीचे चार दाणे, हिंग, कढीपत्ता. गॅसवर ठेवून ढवळत राहायचं आणि कड यायला लागला की उतरवायचं, खळखळ उकळली की फुटते, हे तर ताकाच्या कढीलाही आहेच. आमचे हे दोन वाट्या प्यायले आणि मग विचारलं ताक कुठल्या डेअरीचं. मी सांगितलं नाही. आणि ज्या दिवशी एवढा उद्योग करायचा नसेल त्या दिवशी सोलकढी किंवा कोकमाचं सार, तेही कढीचंच काम करतात भाताबरोबर.

पनीर. टोफू मिळतो आता सगळीकडे, त्याला जड काहीतरी ठेवून पाणी काढायचं, मग मीठ घातलेल्या कडकडीत पाण्यात १० मिनिटं, नाहीतर मटार-टोफूतला टोफू तोंडात अळणी लागतो. पण मी सांगू का, आपल्याकडे पनीर आलं कधी, पंजाबी हॉटेलं आली तेव्हा. त्याच्या आधी रश्श्यात सोडायला आपल्याकडे पाटवडी होतीच. १ वाटी बेसन, पावणेदोन वाट्या पाणी, फोडणीत लसूण-मिरची, घोटून घट्ट शिजवायचं, तेल लावलेल्या ताटात थापायचं, गार झालं की चौकोनी तुकडे. रश्श्यात घालायच्या आधी तुकडे तव्यावर दोन्हीकडून परतून घ्या आणि वाढायच्या अगदी आधी सोडा, नाहीतर अर्ध्या तासात रस्सा पिठलं होतो. मी पालक पनीरच्या पानावर गोल केला होता आणि त्याच्या शेजारी लिहिलं, पाटवडी. लेक म्हणते हे पनीरपेक्षा भारी आहे, ती आईला खूश करायला म्हणते का माहीत नाही.

खिरी. इथे नारळाचं दूध तर उत्तर आहेच, पण ते वापरायची रीत वेगळी आहे आणि तिथेच लोकांचं चुकतं. गाईचं दूध आपण आटवतो, नारळाचं दूध आटवलं की फुटतं आणि तेल सुटतं. म्हणून दोन वेळा काढायचं. एका नारळाचा चव, १ वाटी कोमट पाणी, मिक्सरमध्ये फिरवून पिळलं की ते दाट दूध, बाजूला. चोथ्यात परत दीड वाटी पाणी घालून पातळ दूध. तांदळाच्या कण्या, गव्हले, शेवया जे काय ते पातळ दुधात शिजवायचं, गूळ घालायचा, आणि दाट दूध शेवटी, गॅस बंद करून. एक फायदा असा की गूळ घातल्यावर दूध फाटेल ही जी कायमची धाकधूक असते ती इथे नाही. मालवणात शिरवाळे असतात, तांदळाच्या शेवया आणि वर गूळ-वेलची घातलेला नारळाचा रस, त्यांना तर कुणी व्हीगन म्हणून शिकवायलाच नको. उकडीच्या मोदकात सारण नारळ-गुळाचंच आहे, उकडीत तुपाऐवजी चमचाभर तेल आणि वर तुपाऐवजी हे दाट दूध.

बासुंदीला मात्र नारळ नको, वेगळाच पदार्थ होतो. अर्धी वाटी काजू भिजवून गंधासारखे बारीक वाटून ३ वाट्या पाण्यात, ढवळत शिजवलं की दहा मिनिटांत दाट होतं, केशर-जायफळ-चारोळी. तास-तासभर आटवायची कटकट गेली. बासुंदी म्हणायला थोडं धाडस लागतं पण थंडगार दिली तर वाटी रिकामी होते. गाजर हलवा सोपा आहे, १ किलो गाजर, २ मोठे चमचे खोबरेल, गाजराचं स्वतःचं पाणी पूर्ण आटू द्या, साखर, आणि खव्याच्या जागी वाटीभर बदाम-काजूची पूड शेवटी. केकमध्ये दही-सोडा असेल तिथे वाटीभर सोया दुधात मोठा चमचा व्हिनेगर, खमंग ढोकळ्यात दह्याऐवजी लिंबू किंवा लिंबूसत्त्व, इतकंच, त्यावर जास्त लिहिण्यासारखं नाही.

वरण-भातावरचं तूप, हे खरं सांगते, त्याला काही नाही. जिऱ्याची फोडणी दिली, जास्त लिंबू पिळलं, तीळ तेल घातलं, सगळं चांगलं लागतं पण ते वरण-भात-तूप-लिंबू नाहीये. लेक आता वरणावर लसणाची फोडणी घेते, माझ्या वाटीत तूप असतं, आणि आम्ही त्यावर बोलत नाही. उपासाची साबुदाण्याची खिचडी शेंगदाणा तेलात करते, आमच्याकडे ते उपासाला चालतं, तुमच्याकडे चालत नसेल तर आधी सासूबाईंना विचारा.

पूजेचाही प्रश्न येतो. देवाच्या पंचामृतात दूध, दही, तूप, मध, साखर, म्हणजे लेकीच्या हिशोबाने पाचातली चार बाद. तीर्थ ती घेत नाही, नमस्कार करते, यावर घरात एकदा वाजलं आणि मिटलं. पण आपल्याकडे दुसरं पंचामृत पण आहे ना, ताटात डावीकडे वाढतात ते, मिरच्या, दाणे, तीळ, खोबरं, चिंच-गूळ. ते पूर्ण तिचं. त्या दिवसापासून सणाला मी ते दुप्पट करते.

विकतचं आणताना पाकिटावरचा हिरवा ठिपका बघून फसू नका, तो शाकाहारी म्हणून असतो, त्यात दूध चालतं. मागे बारीक अक्षरात मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन लिहिलंय का बघायचं, बिस्किटात, ब्रेडमध्ये, चिप्सच्या मसाल्यात पण असतं. एफएसएसएआयचं, म्हणजे अन्नाचे नियम करणाऱ्या सरकारी संस्थेचं, व्हीगनचं वेगळं हिरवं चिन्ह आहे, पान फुटलेलं व्ही, त्याचे नियम २०२२ पासून आहेत, ते असेल तर वाचायचे कष्ट वाचतात. आणि दूध बंद केलं की बी-१२ चं डॉक्टरांना विचारून गोळी सुरू करायची, हे स्वयंपाकात भागत नाही. कॅल्शियमसाठी नाचणी-तीळ आहेत आपल्याकडे, नाचणीत १०० ग्रॅमला ३०० मिलिग्रॅमच्या वरच असतं, पण बी-१२ चं तसं नाही.

फुल्यांचं राहिलं. खरवस, पेढे, आणि श्रीखंड. श्रीखंडावर मी तीनदा प्रयत्न केले, सोयाचं दही रात्रभर टांगून चक्का काढला, काजू वाटून लिंबू घातलं, दोन्ही एकत्र करून पाहिलं. आंब्याचा रस घातला की आम्रखंड म्हणून खपतं, पण साध्या केशर-वेलची श्रीखंडात त्या सोयाला लपायला जागाच नाही. त्या पानावरची फुली तशीच आहे. पाडव्याला आता पुरणपोळी आणि नारळाचं दूध असतं, आणि यांच्यासाठी पाव किलो श्रीखंड विकत, ते फ्रीजच्या मागच्या बाजूला.